शटडाऊन राघोभाऊंच्या नावाचा

राघोभाऊ रामटेक्यांना फोन केला की ते आधी सगळं ऐकून घेत. मधेमधे "हो", "हो", "बरं" एवढंच म्हणत. आपलं बोलून झालं की "ठेवतो" म्हणून ठेवून देत. मग चहा उकळून गाळायला लागतो तेवढ्या वेळानं त्यांचाच फोन येई आणि आपण जे जे विचारलं होतं त्याची उत्तरं ते ओळीनं, एकही न सोडता देत. नवख्या माणसाला वाटे, काय विचारी गृहस्थ आहे. आमच्या गल्लीला कारण माहीत होतं. राघोभाऊंना फोनवरचा एक शब्दही ऐकू येत नसे.

ते माजरीकडच्या एका कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन होते. खाणीत हवा खेळवणाऱ्या मोठ्या पंख्याजवळ त्यांची सगळी नोकरी गेली आणि नोकरीबरोबर कानही गेले. समोरासमोर त्यांचं काही अडत नसे. पंख्याच्या आवाजात ओठ वाचायला ते खाणीतच शिकले होते. फोनला मात्र ओठ नसतात. कानातलं मशीन त्यांनी आणलं होतं, ते शिट्टी वाजवी. "पंख्यातून सुटलो, आता शिट्टी कोन ऐकन?" म्हणून ते त्यांनी डब्यात ठेवलं होतं.

निवृत्तीनंतर ते सिंदेवाहीला आमच्या शेजारी राहायला आले. मी शेतकी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेलो. ते मला पहिल्या दिवसापासून बडेबाबू म्हणत. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर आमची बैठक असे.

फोनवर त्यांनी जो इलाज काढला होता तो असा: आलेला प्रत्येक कॉल रेकॉर्ड करायचा, मग फोन एका जुन्या लाउडस्पीकरच्या खोक्याला जोडायचा, खोक्याला कान लावायचा आणि एकेक वाक्य समजेपर्यंत मागं नेऊन वाजवायचं. चालू कॉलच खोक्याला जोडा, असं मी सुचवलं होतं. ते म्हणाले, बोलणाऱ्या माणसाला मागं नेता येत नाही. त्यामुळे शालूनं दुपारी काय खाल्लं हे आमच्या गल्लीला राघोभाऊंच्या आधी कळत असे. ती त्यांची एकुलती मुलगी, सिरोंचाकडच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स. रोज संध्याकाळी तिचा फोन येई; व्हिडिओ कॉलपुरती रेंज तिकडे नसे. तिला एकटीलाच बापाच्या कानांचं माहीत नव्हतं.

ते माहीत नसण्याला कारण होतं. राघोभाऊंची बायको गेली तेव्हा शालू म्हणाली होती, तुम्हाला एकट्याला जमत नसेल तर मी नोकरी सोडून येते. ती नोकरी तिला फार वर्षांच्या कंत्राटी कामानंतर पक्की झाली होती. राघोभाऊंनी तिला सांगितलं, मला सगळं जमतं. त्यानंतर ते जमवणं हेच त्यांचं काम झालं. सुट्टीत ती घरी आली की ते तिच्या तोंडाकडे बघत बसत. ती म्हणे, बाबांचा किती जीव आहे माझ्यावर. तेही खरंच होतं.

पुढे फोन कंपन्यांनी समोरच्या माणसाचा आवाज रेकॉर्ड करणं बंद केलं. राघोभाऊंना हा स्वतःवर झालेला हल्ला वाटला. त्यातून ते फोन रूट करायला शिकले. रूट म्हणजे काय हे त्यांनी मला असं सांगितलं: "फोन आपन घेतला, पन वरच्या खोलीची चाबी कंपनीनं सोताजवळ ठेवली. मी कुलूप बदललं, बस." कुलूप बदललं की फोन तुमचं सगळं ऐकतो, रेकॉर्डिंगसुद्धा दोन्ही बाजूंचं करतो. मात्र तेव्हापासून फोन दर वेळी सुरू होताना एक काळा पडदा दाखवी. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असे की या फोनवर विश्वास ठेवता येणार नाही. राघोभाऊ त्याला म्हणत, "मी बी तुह्यावर नाई ठेवत," आणि पुढचा पडदा येईपर्यंत थांबत.

ते काही जादूगार नव्हते. मोहर्लीच्या एका जंगल-सफारीच्या जिप्सीवाल्याचा नवाकोरा फोन त्यांनी रूट करायला घेतला आणि तो कंपनीच्या नावापुढे जाईना. नाव येई, विझे, परत येई. जिप्सीवाला ओट्यावर उभा राहून म्हणाला, "काका, मारून टाकला का तुमी?" राघोभाऊ म्हणाले, "मेला नाई, थांबला आहे." मग स्वतःचा जुना फोन त्याला वापरायला दिला आणि थांबलेल्या फोनपाशी कित्येक दिवस बसले. शेवटी तो चालला. त्या दिवशी त्यांनी गल्लीत सगळ्यांना बोलावून तो दाखवला. बढाई मारायला ते कधी लाजत नसत.

बिघडलेल्या फोनसाठी त्यांची रीत खाणीतलीच होती. "आधी सप्लाय पाहा, मंग लाईन पाहा, शेवटी मशीनले दोष दे." दुसरी रीत त्याहून कडक होती. खाणीत कोणी तारेवर काम करायला जाणार असेल तर तो आधी आपल्या नावानं वीज बंद करून घेतो. याला ते शटडाऊन म्हणत. काम संपलं की त्याच माणसानं येऊन सांगायचं: माणसं काढली, हत्यारं काढली, शटडाऊन परत. तो स्वतः येऊन हे बोलेपर्यंत साहेब आला तरी बटण दाबत नाहीत. "मानूस घरी गेला असंल, दारू पिऊन पडला असंल, तरी त्याच्या तोंडूनच आलं पाह्यजे," ते म्हणत. "दुसऱ्यानं परत दिला तं कोनी तरी मरते." स्वतःच्या फोनच्या पाठीवर त्यांनी वायरीला लावायची लाल टेप चिकटवली होती. अर्थ असा, की हात लावायचा नाही, शटडाऊन राघो रामटेकेच्या नावाचा आहे.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ते चंद्रपूरला गेले तेव्हा तो फोन त्यांनी माझ्याकडे दिला. शालूला रजा मिळत नव्हती. तिचा फोन आला तर मी उचलायचा आणि डोळा बरा आहे म्हणून सांगायचं. बाकी काहीही आलं तरी हात लावायचा नाही. मी हो म्हणालो.

फोनवर एक सूचना येऊन बसली होती. नवीन अपडेट तयार आहे. आता, की नंतर? मी "नंतर" दाबलं. ती परत आली. मी आयुष्यभर टेबलावर प्रलंबित कागद ठेवला नाही. खात्यात माझा तो लौकिक होता आणि मला त्याचा अभिमानही होता. दिवसभर ती सूचना माझ्याकडे बघत राहिली. शेवटी मी "आता" दाबलं. फोन बंद झाला, काळा पडदा आला, विश्वास ठेवता येणार नाही असं म्हणाला आणि नेहमीसारखा सुरू झाला. टेबल साफ झाल्याचं समाधान घेऊन मी जेवायला बसलो.

राघोभाऊ डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून परत आले. मी फोन दिला. सगळं ठीक ना, त्यांनी विचारलं. ठीक, मी म्हणालो. तोपर्यंत मला ते खरंच ठीक वाटत होतं.

संध्याकाळी शालूचा फोन आला. ती बराच वेळ बोलली. राघोभाऊ नेहमीप्रमाणे "हो, हो, बरं, ठेवतो" म्हणाले आणि खोक्याला कान लावून बसले. खोक्यातून सबंध गल्लीला ऐकू आलं: "हो." मग शांतता. "हो." शांतता. "बरं. ठेवतो." शालू कुठेच नव्हती. त्यांनी तेच पुन्हा पुन्हा वाजवून पाहिलं. खोकं तपासलं, वायर बदलली. दोष तिथं नव्हता.

परत फोन केला नसता तर पोरीला शंका आली असती. ती काय म्हणाली असेल याचा त्यांनी अंदाज बांधला. ऑपरेशन झालं आहे, तेव्हा डोळ्यात वेळेवर औषध घाला, धुळीत जाऊ नका, असंच काहीतरी. त्यांनी तिला फोन लावला आणि माझ्यासमोर म्हणाले, "शालू, तू म्हनली ते पटलं मले. तू म्हनतं तसंच करू."

त्यानंतर त्यांनी तिला, रेंज नाही, लिहूनच कळवत जा, असं कळवलं. तिचा मेसेज आला: ठरल्याप्रमाणे करते आहे. औषधाबद्दलच असेल म्हणून आम्ही दोघंही निश्चिंत झालो.

पुढचे दिवस ते फोनपाशी बसून होते. रूट गेलं होतं. ते करून देणाऱ्या ॲपवर साधं लिहिलेलं होतं, की इथं काही बसवलेलं नाही. जणू कधी नव्हतंच. त्यांनी जपून ठेवलेली रूटची फाइल घातली, तर फोन मोहर्लीवाल्या फोनसारखा नावापाशीच थांबला. तो पुन्हा चालता केला, पण नव्या सिस्टीमला तिचीच फाइल लागते आणि त्या मॉडेलसाठी ती कुठंच मिळेना. मागं जायची वाटही कंपनीनं बंद केली होती. "सप्लाय आहे, लाईन आहे, मशीन बी ठीक आहे," ते म्हणाले. "कोनी तरी मधात बटन दाबलं."

मग एका संध्याकाळी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर, ज्यानं रूट पुसलं ते अपडेट कधी झालं त्याची तारीख होती. त्यांच्या ऑपरेशनची.

"मशीन तारीख सांगते, बडेबाबू," ते म्हणाले. "नाव नाई सांगत."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी म्हणालो, "हे कंपनीवाले आपोआप करतात म्हणे हल्ली."

"असंल," राघोभाऊ म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. मग त्यांनी, मी अनेकदा ऐकलेली शटडाऊनची गोष्ट पुन्हा सुरुवातीपासून सांगितली. मी ती पहिल्यांदा ऐकतो आहे अशा चेहऱ्यानं ऐकली.

महिना उलटला आणि शालू दोन ट्रंका आणि एक कुकर घेऊन एसटीतून उतरली. राजीनामा मंजूर झाला होता. ऑपरेशननंतरच्या त्या संध्याकाळी तिनं फोनवर विचारलं होतं, की आता डोळ्यांचं असं झालं, मी नोकरी सोडून येते, चालेल ना? आणि विचार करून उत्तर देणाऱ्या तिच्या बापानं थोड्या वेळानं स्वतःहून फोन करून सांगितलं होतं, तसंच करू. राघोभाऊ दारात उभे होते. ट्रंका बघून त्यांना कळलं. त्यांनी तिच्या हातातला कुकर घेतला आणि म्हणाले, "शालू, मले फोनवर ऐकू येत नाई. लई वर्सं झाले."

नोकरी परत मिळाली नाही. शालू इथल्या एका खाजगी दवाखान्यात लागली. गल्लीत ठरलं, की म्हाताऱ्यानं फोनशी खेळता खेळता पोरीची नोकरी घालवली. त्यांच्यासमोरही लोक हसत म्हणत, "काऊन भाऊ, रूट सापडलं का?" ते म्हणत, "पाहून राह्यलो." मी शेजारी बसलेला असे. ओट्यावरून उठताना ते मला कधीकधी विचारत, "काही परत द्याचं राह्यलं का, बडेबाबू?" मी म्हणे, नाही. "बरं," ते म्हणत. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच चहा येई. माझ्या कपात साखर कमी असे, कारण मला मधुमेह आहे हे ते कधी विसरले नाहीत.

गेल्या मोहफुलांच्या दिवसांत राघोभाऊ झोपेतच गेले. शोकसभेत एकानं त्यांचं कौतुक करताना तेच सांगितलं: गुणी माणूस, पण हौसेपायी पोरीचं नुकसान करून बसला. लोकांनी माना हलवल्या. पुढच्या रांगेत मीही बसलो होतो आणि माझी मानही हलली. ती हललेली मान घेऊन मला घरी बसवेना.

दुसऱ्या दिवशी मी शालूकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. "आता" मी दाबलं होतं, हे मी तिला सांगितलं. माझं वय झालं आहे, तरी ते सांगायला मला उभं राहावं लागलं.

तिनं सूप खाली ठेवलं नाही. "माहीत आहे, काका," ती म्हणाली. "बाबांनी सांगतलं होतं. म्हने, त्यायले विचारू नको. शटडाऊन त्यायच्या नावाचा आहे, तेच परत देतीन."

मी म्हणालो, ते असतानाच मी तो परत द्यायला हवा होता.

"हो, द्याले पाह्यजे होता," शालू म्हणाली. तिनं माझी समजूत घातली नाही. आत जाऊन तिनं फोन आणला. पाठीवर लाल टेप नवी लावलेली होती. "त्यायनंच लावली, तुमच्यासाठी. मी नाई काढत. बाबा कसे म्हनायचे ते म्हना आन् तुमीच काढा."

मी म्हणालो, माणसं काढली, हत्यारं काढली, शटडाऊन परत. टेप निघता निघेना. नखं चालत नाहीत आता. शालू शेजारी बसून तांदूळ निवडत राहिली, मदतीला आली नाही. निघाल्यावर मी फोन तिच्या हातात दिला आणि तिनं बटण दाबलं.

काळा पडदा आला. या फोनवर विश्वास ठेवता येणार नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. आम्ही दोघांनी ते वाचलं. तिथं काही दाबून उपयोग नसतो, थांबावं लागतं.