आपोआप रुजलेले बेडूक

आमच्या घरासमोरच्या सार्वजनिक बागेत एक माळी होते. बरोबरीचे लोक त्यांना वाळवंटराव म्हणत. त्यांनी लावलेला गुलाब जळे, वेल सुके, हिरवळीचं बी तर पाखरंसुद्धा टिपत नसत. माणूस कष्टाळू, कोणाच्या अध्यात ना मध्यात. हाताला तेवढं यश नव्हतं. नोकरीबरोबर मिळालेल्या, फाटकालगतच्या एका खोलीत ते आणि त्यांची बायको राहत. 

अशा माणसाच्या हातून जन्मात एकच गोष्ट रुजली, ती म्हणजे परमुलखातले बेडूक.

कोपऱ्यावरच्या दुकानात मासे, पोपट आणि हिरवेपिवळे बेडूक विकायला असत. हौसेने नेलेले बेडूक गिऱ्हाइकं महिन्याभरात कंटाळून परत आणत. वाळवंटरावांना त्यांची दया आली. पहिले दोन त्यांनी बागेतल्या तळ्यात सोडले, ते आठवड्यात गेले. पुढचे चार थंडीत गारठले. दुसऱ्या कोणी नाद सोडला असता, पण यांना अपयशाची सवय होती. ते सोडतच राहिले. बर्फाच्या कारखान्यातलं, यंत्रं थंड करून निघालेलं कोमट पाणी तळ्याच्या एका कडेला येऊन पडे, तिथे बेडूक तग धरतात हे त्यांनी हेरलं. तिथले मासे अंडी खातात हे दिसल्यावर एकूण एक मासा जाळ्याने काढून हौदात नेला. सहाव्या वर्षी एकदम चाळीस सोडले. सातव्या वर्षी आमच्या गल्लीत एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. तळ्यातले जुने करडे बेडूक कधी गप्प झाले, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तक्रारी गेल्या, तसे वनखात्याचे एक साहेब चौकशीला आले. वाळवंटरावांच्या निवृत्तीला तेव्हा तीन वर्षं उरली होती. वाळवंटरावांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून जबाब लिहायला मला बोलावलं. ही प्रजाती येथे प्रस्थापित कशी झाली, असं साहेबांनी छापील कागदावरून वाचलं. वाळवंटराव गोंधळून माझ्याकडे बघू लागले. साहेब भला माणूस, त्यांनी प्रश्न सोपा केला.

"म्हणजे इथे रुजले कसे हो हे, मामा?"

उभ्या आयुष्यात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. ते खुर्चीत सावरून बसले.

"रोपासारखंच आहे, साहेब. एक लावून भागत नाही. पुष्कळ लावायचं, परत परत लावायचं. त्याच्या मुलखासारखी ऊब बघायची, आणि खाणारं तोंड आधी दूर करायचं."

कोणत्या साली किती, सगळं त्यांनी सांगितलं. माझी चार पानं भरली. बायको दारात उभी राहून कौतुकाने ऐकत होती; तिला वाटलं, बक्षीस मिळणार.

मग साहेबांनी समजावलं, की परके प्राणी सोडणं हा गुन्हा आहे. नोकरी जाईल आणि खोलीही. बायकोची नजर खोलीभर फिरली. साहेबांनाही बरं वाटेना. बेडूक कोणी सोडले असतील तर खटला, साक्षी, हेलपाटे. आपोआप आले असतील तर एका पानात काम संपतं, असं ते छताकडे बघत म्हणाले.

"आपोआप काही रुजत नाही, साहेब," वाळवंटराव म्हणाले.

"अहो, रुजतं," बायको म्हणाली. "करा सही."

मी नवा कागद घेतला. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी घोटून घेतलेल्या अक्षरात मी आयुष्यातला पहिला खोटा जबाब लिहिला, आणि त्यांनी खाली कोंबडीचे पाय उमटवले.

महिन्याने अहवाल आला. खोली राहिली, वर बेडूक पकडायचं जादा कामही वाळवंटरावांनाच मिळालं. तळं बेडकांना इतकं मानवलं, हा कोमट पाणी आणि माशांचा अभाव यांचा दुर्मीळ योगायोग असल्याचं साहेबांनी लिहिलं होतं. मी वाचून दाखवलं. वाळवंटराव दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जाळं खांद्यावर टाकून माझ्या दाराशी आले.

"बाई, योगायोगाला मासे धरता येतात का हो?"

"हळू बोला," बायको फाटकातून म्हणाली. "त्या योगायोगाच्याच खोलीत राहतोय आपण."