मार्लिसचं लाल दार

स्वीटगम कोर्ट या आमच्या गल्लीत बावीस घरं आहेत आणि बावीसही बदामी. सगळी एकाच बिल्डरने एकाच उन्हाळ्यात बांधलेली. मार्लिस एंगस्ट्रॉम अकरा वर्षं कोपऱ्यापासून घरं मोजत चौथ्यात शिरायची. मोजणी एकने चुकली की थेट आमच्या स्वयंपाकघरात. मग कॉफी पिऊनच जायची.

तिला स्वतःच्या दाराला लाल रंग हवा होता. बस, एवढंच. त्यासाठी तिनं रहिवासी समितीकडे तीन अर्ज केले. समितीच्या मंजूर रंगपट्टीत अकरा छटा, पण अकराही सख्ख्या बहिणी. अध्यक्ष हॉवर्ड ब्रॅमवेल तिन्ही वेळा अगदी गोड आवाजात नाही म्हणाले. आज लाल, उद्या जांभळा, मग घरांचे भाव पडतील, असं त्यांचं म्हणणं.

ब्याऐंशीच्या जूनमध्ये एका दुपारी ती मॉलमधून परतली. सेल होता म्हणून टोस्टर घेतला होता. घरी आधीचे दोन होतेच. गाडीतूनच तिनं रिमोट दाबला, गॅरेजचं दार वर गेलं, तिनं गाडी आत घातली. आत तीन पोरं गिटार आणि ड्रम बडवत होती. पोरं भिंतीला चिकटली म्हणून वाचली. मार्लिस खाली उतरली आणि माझ्या गॅरेजात तुम्हाला कुणी घेतलं म्हणून तिनं त्यांना जी झाडायला सुरुवात केली, ती घरी आया आहेत की नाहीत इथवर पोचली. मग तिला कपडे धुण्याचं मशीन दिसलं. तिचं उजव्या भिंतीला होतं. हे डाव्या.

बिल्डरने सगळ्यांना एकाच जातीचे रिमोट दिले होते. घर होतं वेस्कॉटांचं. त्या तिघांतली त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी ट्रिना, हिरव्या केसांची, हसून हसून स्पीकरवरच बसली. पोरांचं जे पंक गाणं चाललं होतं, ते नेमकं आमच्या गल्लीवरच होतं:

बदामी भिंत, बदामी दार,
बदामी नवरा, बदामी कार,
सेल लागलाय, घेऊन या,
काय हवं ते विसरून या!

ट्रिनानं विचारलं, "मिसेस एंगस्ट्रॉम, तुम्हाला गाण्यात घातलं तर चालेल?"

"घाल," मार्लिस म्हणाली. "पण नीट घाल. बदामी आम्ही निवडला नाही गं, तो आमच्या गळ्यात बांधलाय."

त्या दिवसापासून ती रोज सँडविचचं ताट घेऊन तालमीला जायला लागली आणि आठवड्याभरात त्यांच्याबरोबर गाण्यात ओरडायलाही लागली. तिचा नवरा कार्ल मुळात अबोल. 'बदामी नवरा' ऐकून तो इतका खूश झाला, की ते शब्द त्यानं बनियनवर छापून घेतले.

चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, दरवर्षीसारखा रस्ता बंद करून आम्ही टेबलं मांडली. बटाट्याचं सॅलड नऊ जणींनी आणलं होतं, नऊही एकाच चवीची. हॉवर्डने बँडला एकच गाणं दिलं, तेही शिवीगाळ नको या अटीवर. गाणं दोन मिनिटांचं. पहिल्या मिनिटात आमच्या पलीकडच्या आजी खुर्चीवर उभ्या राहिल्या. दुसऱ्यात ॲप्रन घातलेली मार्लिस माइकपाशी आली आणि तिनं विचारलं, की चुकीच्या घरात कोण कोण शिरलंय, हात वर करा.

आधी माझा हात गेला. मग एकेक करत सगळ्या गल्लीचे. हॉवर्डचे मात्र खिशात.

त्यांची बायको फिलिस सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "हॉवर्ड, हात वर कर. नाहीतर मी सांगते, तू कुणाच्या सोफ्यावर बूट काढून अख्खी मॅच पाहिलीस ते."

हात वर गेला. ड्रमवाल्याला पुढचा ताल सापडेना, इतकी माणसं हसत होती. हॉवर्डचे कान आम्ही पहिल्यांदाच बदामी सोडून दुसऱ्या रंगाचे पाहिले.

"एक दार," ते मार्लिसला म्हणाले. "एकच. आणि हे गाणं परत नको."

दार मान्य झालं, गाण्याचं कुणी मनावर घेतलं नाही. उजेड होता तोवरच मार्लिस आणि पोरांनी रंग लावून टाकला, आणि रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून ती आपल्या घराकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवसापासून बायका हळूच तिला छटेचं नाव विचारायला लागल्या. सगळ्यांत आधी फिलिस. मार्लिस रंगाचा डबा कुठं लपवलाय ते मलाही सांगत नाही. विचारलं की म्हणते, "अगं, दुकानातला शेवटचाच होता."