परवाची तारीख

स्क्रिप्ट लिहिणारी म्हणजे दुय्यम, हे आमच्या वाशीच्या ऑफिसात न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं. सर सी प्लस प्लसमध्ये प्रोग्राम लिहायचे. तो कम्पाइल होऊन बंद डब्यासारखा माझ्याकडे यायचा आणि मी त्याला वरून स्क्रिप्ट, म्हणजे सोप्या भाषेतल्या चार ओळींच्या सूचना, जोडायचे. "तुझं ते खेळणं चालू दे," असं सर म्हणायचे. मला संताप यायचा. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, मी ट्रेनिंगवर होते आणि माझं कन्फर्मेशन सरांच्या हातात होतं.

काम तळोजाच्या एका केमिकल कारखान्याचं होतं. मुदत संपलेला ड्रम कुठला, तो बाजूला कधी काढायचा, हे आमच्या प्रोग्रामने सांगायचं. मुदतीची तारीख सरांच्या डब्यातून यायची, पण तारीख म्हणून नाही, मध्ये स्लॅश घातलेला नुसता मजकूर म्हणून. स्क्रिप्ट त्या मजकुराची पुन्हा तारीख बनवायची, कॉम्प्युटरच्या सेटिंगप्रमाणे. आमचा कॉम्प्युटर अमेरिकन सेटिंगवर, म्हणजे आधी महिना, मग दिवस. चार मार्च आत गेला की तीन एप्रिल होऊन बाहेर यायचा. वीस मार्च मात्र वीस मार्चच राहायचा, कारण विसावा महिना कुठून आणणार? आणि सर तपासायला नेमक्या वीस-पंचवीस अशाच तारखा घालायचे.

म्हणजे चार मार्चला बाद झालेला ड्रम आमच्या हिशेबी अजून महिनाभर चांगला. तो उघडणाऱ्याच्या तोंडावर काय उडेल, या विचाराने माझं डोकं फिरलं.

"अगं, टेन्शन कशाला घेतेस? तिकडच्या मशीनची सेटिंग बदलून ये," सर म्हणाले.

"आणि कुणी परत बदलली तर? सर, तुम्ही तारीख तारखेच्याच टाइपमध्ये पाठवा ना. मजकूर नको."

"स्क्रिप्टला टाइप कळतात होय?"

"कळतात. मी करून बघितलंय. तारीख दिली की ती तारीखच ठेवते. तुमचा मजकूर म्हणजे आपला 'परवा' आहे. गेलेला की येणारा, ते आपल्याला बोलण्यावरून कळतं. मशीनला कोण सांगणार?"

हे त्यांना झोंबलं. "उद्या फ्लॉपी घेऊन तळोजाला जायचं. बस."

"हे असंच असेल तर मी नेणार नाही."

घरी नेरूळला आईने सगळं ऐकून घेतलं. "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये," ती म्हणाली.

"मासाच नासका असेल तर?"

त्यावर तिने भात वाढला.

दुसऱ्या दिवशी मी जागेवर बसून राहिले. फ्लॉपीला हात लावला नाही. सर दोनदा येऊन बघून गेले. दुपारी त्यांनी नवीन प्रोग्राम आणून दिला. मी चार मार्च घातला, चार मार्चच आला. मग फ्लॉपी मी स्वतः नेली.

तळोजाहून आल्यावर कन्फर्मेशनचं विचारलं.

"परवा बघू," सर म्हणाले.

"कुठला परवा, सर?"

कन्फर्मेशन काही आलं नाही. थोड्याच दिवसांत मी दुसरीकडे नोकरी धरली. आजही कुणी विचारलं तर ताठ मानेने सांगते, तळोजातला ड्रम त्याच्या खऱ्या तारखेला बाद झाला, आणि तो माझ्या खेळण्याने केला.