पलीकडच्या काठावरची बाई

आमच्या होडीच्या खेळात ती बाई आधी नव्हती. एकानं मागितली म्हणून आली.

तेव्हा मी आणि माझा मावसभाऊ पेडण्यात एका भाड्याच्या खोलीत बसून मोबाइलवरचा खेळ बनवत होतो. प्रोग्राम मी लिहायची, चित्रं तो काढायचा. खेळ साधा होता. एक नदी, एक होडी. अलीकडची माणसं पलीकडे न्यायची, पलीकडची अलीकडे आणायची. खेळणारे जे सांगतील ते आम्ही करत गेलो. मगर हवी म्हणाले, मगर घातली. होडीला इंजिन बसवा म्हणाले, बसवलं. भाऊ म्हणायचा, "खेळतत ते. तेंका कळता काय व्हया ता." मलाही ते पटायचं. मुळात अनोळखी माणसं आपल्याशी बोलतात, याचंच मला अप्रूप होतं.

त्यातला एक जण रोज लिहायचा. नाव नाही, पूर्णविराम नाही. फोनपुढे बोलून उमटवलेलं असावं. 'पलीकडच्या काठावर एक बाई उभी करा निळं लुगडं नेसलेली तिला कोणी होडीत घेऊ नये.'

भावानं एका दुपारी बाई काढली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, 'बरी आहे पण पाण्याच्या एवढी जवळ नको.' मागे घेतली. 'अजून मागे.' अखेर ती एका माडाखाली जाऊन उभी राहिली, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

मग बाकीच्यांनी विचारायला सुरुवात केली. ही कोण? हिला बोट लावलं तर काहीच का होत नाही? एकीनं लिहिलं, ती बघत राहते म्हणून माझ्या मुलीनं खेळ काढून टाकला. एकानं लिहिलं, काल ती माडाखाली होती, आज पाण्याच्या कडेला आलीय. मी सगळा प्रोग्राम पुन्हा वाचला. तिला हलवणारी एकही ओळ मी लिहिली नव्हती. आमच्या दोघांच्या फोनवर ती माडाखालीच होती.

हळूहळू बहुतेकांची मागणी एकच झाली. तिला होडीत घेऊ द्या. भाऊ म्हणाला, "सगळ्यांचा आयकलास, मगे ह्याच कित्याक नाय?" मी ते लिहून तयार केलं. पण बाहेर सोडण्याआधी, का कोण जाणे, त्या रोजच्या माणसाला कळवलं. लगेच उत्तर आलं, 'नको बाय.'

मी चमकले. आम्ही नेहमी 'आम्ही' म्हणूनच लिहायचो. लिहिणारी बाई आहे हे त्याला कळायचं काही कारण नव्हतं. मी विचारलं, तुम्ही कुठे राहता? 'आमोणे होडीवाला विचार.'

दुसऱ्या दिवशी म्हापशावरून डिचोलीची बस धरून मी आमोण्याला गेले. भर दुपार होती. होडीवाल्याच्या घरापुढच्या बाल्कांवात, जुन्या लाकडी खुर्चीत, कदेलीवर, एक म्हातारा बसला होता, मांडीवर फोन. त्याची सून मला पाणी देऊन आत गेली.

"तू खेळवाली? बस गो बाय," तो म्हणाला. आणि मी न विचारताच सांगू लागला.

"गोव्याचा राज्य झाला, तेच्या आदल्या सालची गोष्ट. फेरीधक्को लांब, म्हणान लोक माझ्या होडयेत बसत. त्या दिवशी होडी भरलेली. ती पलीकडे उभी. म्हणाली, मामा, माका घेयात, घरात पोर तापलाहा. मी म्हटलंय, ये, मावतलंस. मधी होडी कलांडली. बाकीचे पोवान इले."

आत भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"नाय म्हटलंय असतंय तर ती भांडली असती माझ्याकडे. गाळी घातल्यो असत्यो. पण उभी रवली असती." त्यानं फोन माझ्यापुढे धरला. "आता रोज बघतंय. हयसर उभी आसा. पाण्यापासून लांब. आणि ही औषधाची बाटली बरी काढलात. ता सांगूक मी इसारललंय."

मी वाकून पाहिलं. तिच्या डाव्या हातात एक छोटी तपकिरी बाटली होती.

मी माझा फोन काढून त्याच्या फोनशेजारी धरला. तोच माड, तेच लुगडं. माझ्या बाईचे हात रिकामे होते. मी माझा फोन परत पिशवीत ठेवला. पेडण्याला परतल्यावर भावाला विचारलं. "हातात मी कायच काढूक नाय," म्हणाला, आणि त्या दिवशी त्यानं परत संगणक लावला नाही.

होडीत घेण्याचा भाग मी पुसून टाकला. खेळणाऱ्यांना एवढंच लिहिलं, हे होणार नाही. पुष्कळ लोक चिडले, पुष्कळ सोडून गेले. भाऊ महिनाभर धुसफुसला, मग वास्कोला जहाजांच्या कामावर लागला. एका माणसासाठी एवढ्यांना नाराज केलंस, असं तो अजून म्हणतो. त्याचं चुकतं असंही मला म्हणता येत नाही. मी खेळ बनवणं सोडलं नाही. पण कोणी काही मागितलं की आता आधी विचारते, हे तुम्हाला कशासाठी हवंय? कितीतरी जण पुढे लिहितच नाहीत. जे लिहितात, त्यांचं नीट वाचते.

म्हाताऱ्याचा शेवटचा निरोप श्रावणात आला. 'आज ती पाठमोरी झाली घरी निघाली.'

तिची पाठ आम्ही कधी काढलीच नव्हती.

चतुर्थीनंतर आमोण्याला गेले, तर सून म्हणाली, मामंजी गेले. दुपारी कदेलीवर बसल्या बसल्याच. मग ती आत जाऊन त्यांचा फोन घेऊन आली.

"उघडूक नाय कोणी," ती म्हणाली. "तुमका बघूचो आसा?"

मी नको म्हटलं.