भूषणच्या खांद्यावरचा हात

पारोळ्याचा भूषण ट्रक चालवायला कॅनडात गेला. टोरंटोत पंजाबी, तमिळ सोबत्यांच्या खांद्यावर हात टाकून तो आपल्या बाजारात फिरावं तसा फिरायचा. कोणी वळूनही बघत नसे. मग काम कॅलगरीला लागलं. तिथं बारमध्ये एका गोऱ्या ड्रायव्हरच्या खांद्यावर त्याने तसाच हात टाकला. ‘अंगचटीला येतोस?’ म्हणत त्याच्या चौघा साथीदारांनी भूषणला पार्किंगमध्ये ओढून त्याचा जबडा फोडला. ‘तिकडं सगळीकडं सारखंच’ म्हणून त्याला पाठवणाऱ्या एजंटाला तो जबडा दाखवायला हवा.

भूषण परतला. पारोळ्याच्या बाजारात बालमित्र अमृतने मागून खांद्यावर हात टाकताच त्याने वळून ठोसा हाणला. अमृतचं नाक फुटलं.

“मी शे रे, अमृत,” तो अहिराणीत ओरडला.

भूषणची मूठ अजून वळलेलीच होती. अमृतने बाहीला रक्त पुसलं आणि हात पुन्हा तिथंच ठेवला.

“मार आते, कितला मारस.”