बाबांची हाउजी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गणपतीत हाउजी व्हायची आणि आकडे बाबांचा कॉम्प्युटर काढायचा. आधी टूं वाजायचं, मग पडदाभर मोठा आकडा. तो प्रोग्रॅम बाबांनी असेम्ब्लीत, म्हणजे मशीनच्या अगदी जवळच्या भाषेत, स्वतः लिहिला होता. पुढे कॉम्प्युटर भंगारात गेला. कोड तेवढा मी उतरवून ठेवला होता.

गेल्या वर्षी बाबांचा काचबिंदू बळावला. उजवा डोळा आधीच गेला होता, डाव्याचाही भरवसा नाही असं डॉक्टर म्हणाले. बाबा एवढंच बोलले, "माका माझी हाउजी एकदा चलताना बघूची आसा."

मी अंधेरीला सॉफ्टवेअर कंपनीत. म्हटलं, एका रविवारचं काम. लॅपटॉपवर बिल्ड करायला, म्हणजे कोडचा चालता प्रोग्रॅम बनवायला घेतलं तर एररची रांगच लागली. कोड बत्तीस बिटांच्या मशीनचा, लॅपटॉप चौसष्टचा. ओळीओळीवर असेम्बलर, म्हणजे ते बनवून देणारं सॉफ्टवेअर, नाक मुरडायला लागला. माझं डोकं फिरलं. आता बघतोच याच्याकडे, म्हणून मी सगळा कोड नव्या मशीनसाठी पुन्हा लिहायला बसलो. एक ओळ नीट केली की दुसरी बोंबलायची. बायको म्हणाली, "अरे, त्यांना नुसतं चालताना बघायचंय ना? कशाला एवढं?" मी तिच्यावरच खेकसलो. रोज चहाच्या वेळी बाबा विचारायचे, "झाला काय रे?" मी म्हणायचो, "होतंय."

असे कितीतरी रविवार गेले. एकदा ऑफिसात डबा खाताना मित्रापाशी हे रडगाणं गायलो. तो म्हणाला, "बत्तीस बिटचा कोड आहे असं सांग ना यार असेम्बलरला. एक ऑप्शन द्यायचा. कोडला हात कशाला लावतोस?" हे मला माहीत नव्हतं असंही नाही. नवं करायच्या खुमखुमीत सुचलंच नाही.

घरी येऊन बाबांची मूळ फाइल काढली, ऑप्शन दिला. एकही एरर नाही. पहिल्याच रविवारी हे केलं असतं तर त्यांनी डोळ्यांनी बघितलं असतं, हे अजून जिवाला लागतं. तोवर डावा डोळाही जवळजवळ गेला होता; त्यांना दिवा लावला की घालवला, एवढंच कळत होतं.

त्यांना खुर्चीत बसवलं, लॅपटॉप समोर ठेवला. टूं वाजलं. आकडा आला. बाबांनी मान वळवली ती खिडकीकडे, पूर्वी त्यांचा कॉम्प्युटर असायचा तिथे.

"झकास दिसता रे," ते म्हणाले.

मी लॅपटॉप उचलला आणि खिडकीपाशी नेऊन ठेवला.