खुडलेली लाखोरी

माझा मामेभाऊ मोहर्लीला जिप्सी चालवतो. लोकांना वाघ दाखवणं हे त्याचं काम, आणि ते कोणालाही एका वाक्यात कळतं. माझं तसं नाही. मी एका कृषी संशोधन केंद्रावर कंत्राटी संशोधक आहे, वनस्पती आनुवंशशास्त्रात पीएच.डी. करते आहे, कडधान्यांचे सुधारित वाण तयार करण्याच्या प्रकल्पात आहे. एवढं सांगून होईपर्यंत घरी आलेला पाहुणा चहा संपवून कप खाली ठेवतो. शेवटी आईनंच यावर तोड काढली. कोणी विचारलं की ती सांगते, "पोरगी लाखोरीचे लगन लावते."

आधी मी यावर चिडायचे. मला चिडायला फार काही लागतही नाही. पण नीट पाहिलं तर आईचं म्हणणं बरोबर आहे. लाखोरी म्हणजे पुस्तकातली लाख किंवा लाखोळी. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे धान उभं असतानाच बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, ओल्या चिखलात तिचं बी फेकून देतात. धान कापून निघालं की तिथंच ही वर येते. नांगर नको, खत नको, पाणीही नको. इतकं सोशीक दुसरं पीक मी पाहिलेलं नाही. दोष एकच, तिच्या दाण्यात एक घातक घटक असतो. महिनोन्‌महिने नुसतीच लाखोरीची डाळ खाऊन राहिलं तर माणसाचे पाय लुळे पडू शकतात. कधीकाळी तिच्या विक्रीवर बंदीही होती. आता तो घटक कमी असलेले वाण निघाले आहेत, पण ते आमच्या चिखलात नीट रुजत नाहीत. म्हणून मी त्यातल्याच एका पांढऱ्या फुलांच्या नाजूक वाणाचं लग्न आमच्या गावच्या निळ्या फुलांच्या दांडग्या लाखोरीशी लावत होते.

हे लग्न लावणं म्हणजे कंबरेचा सत्यानाश. संध्याकाळी बांधीत बसकण मारायची, न उमललेली कळी चिमट्यानं उघडायची, आतले परागकोश एकेक करून काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं निळ्या फुलाचे पराग लावायचे. बहुतेक कळ्या यानंतर वाळून गळून पडतात. एक अख्खा हिवाळा असं बसून माझ्या पदरात पडलं ते लिमलेटच्या गोळीच्या कागदात मावेल एवढं बी.

ते बी पुढच्या हंगामात मी लावलं. जेमतेम अर्धी ओळ झाली. प्रत्येक झाडाच्या शेंड्याजवळ लाल लोकरीचा एकेक धागा बांधला. आता खरी परीक्षा होती. पांढऱ्या फुलाच्या आईच्या पोटी निळं फूल आलं, तर लग्न खरोखर लागलं. पांढरंच आलं, तर माझी नजर चुकवून तिनं स्वतःचंच बी धरलं आणि माझी सगळी मेहनत पाण्यात. आमच्या प्रकल्पाचे प्रमुख, म्हणजे आमचे सर, साताऱ्याकडचे. ते गोड बोलून घाबरवण्यात पटाईत. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "मार्चपर्यंत या अर्ध्या ओळीचं बी हातात आलं, तर तुमच्या कंत्राटाची मुदतवाढ मागायला मला तोंड आहे. नाही आलं, तर मॅडम, तुमच्या निरोपाला मी स्वतः नारळ आणीन." विनोद होता, पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मी सात पिढ्यांत पहिली शिकलेली वगैरे नाही, पण एवढ्या लांब येऊन परत जायला मी तयार नव्हते.

त्या अर्ध्या ओळीला मी जपत होते ते कोणापासून? रानडुकरांपासून, म्हणून तारेचं कुंपण. रोह्यांपासून, म्हणजे नीलगायींपासून, म्हणून कुंपणावर जुन्या साड्या. चितळांपासून आणि सशांपासून, म्हणून आतून जाळी. शिवाय एक चौकीदार, तो दिवसभर उगाचच टिनाचा डबा वाजवायचा. आणि आईसाठी? आईसाठी मी फाटक स्वतःच्या हातानं उघडलं.

आई पौषात आली. आमचं गाव तलावाच्या काठचं आहे, बाबा तलावात मासे धरतात. त्यांनी दिलेले सुकवलेले मासे घेऊन ती दोन बस बदलून आली आणि आल्या आल्या म्हणाली, "आधी तुहं वावर दाव." मला कोण आनंद झाला! इतकी वर्षं ती नुसती ऐकून होती. मी तिला धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, फिरवलं, हा वाण कुठला, तो कुठला, सगळं सांगितलं. ती मामेभावाच्या साखरपुड्याचं सांगत होती आणि मी लाखोरीचं. आम्ही दोघीही एकमेकींचं ऐकत नव्हतो. तेवढ्यात सरांचा फोन आला, प्रयोगशाळेतून काही नमुने हवे होते. "तू फिर इथंच, मी आलेच," म्हणून खोलीची किल्ली तिच्या हातात देऊन मी गेले.

इथं झाडीपट्टीबाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे लाखोरी ही आधी भाजी असते, डाळ नंतर. थंडी पडली की तिचे कोवळे शेंडे खुडायचे, ताजे शिजवायचे आणि उरलेले उन्हाळ्यासाठी वाळवून ठेवायचे. वावर कोणाचं हे त्यात कोणी पाहत नाही. धुऱ्यावरून जाणारी बाई बोलता बोलता वाकते, शेंडा मोडते, ओटीत टाकते आणि पुढं जाते. मालक समोर असला तरी काही म्हणत नाही. हे काम डोळे करत नाहीत, बोटंच करतात. माझी आई जन्मभर लाखोरीच्या धुऱ्यावरून अशीच चालली आहे.

काम लांबलं. संध्याकाळी मी केंद्राच्या आवारातल्या माझ्या खोलीवर पोचले तेव्हा दारातच लसणाच्या फोडणीचा वास आला. आईनं भात आणि भाजी वाढली. मी भुकेली होते. पहिला घास घेतला आणि म्हटलं, "आई, कशी कोवळी आहे गं! बाजारात तर अशी मिळत नाही."

"बाजारातली नाई व," आई खूश होऊन म्हणाली. "तुह्याच वावरातली हाये. धुऱ्याच्या कडेले लय मस्त होती. पन हे पाय, भाजीत लोकर निघाली. धुऊन ठेवली मी."

खिडकीत लाल लोकरीचे धागे वाळत घातले होते.

"मले वाटलं, नजर लागू नाई म्हनून बांधले असन," ती म्हणाली. "चांगलं केलं. पिकाले लय नजर लागते."

माझ्या तोंडातला घास मला गिळता येईना आणि टाकवेना. मी उठले, चप्पल घातली आणि टॉर्च घेऊन बांधीकडे धावले. अर्धी ओळ उभी होती, पण प्रत्येक झाडाचा शेंडा नीट, एकसारखा मोडलेला. पहिल्या कळ्या शेंड्यांवरच धरू लागल्या होत्या, त्या आता आमच्या कढईत होत्या. मी धुऱ्यावर बसून चक्क रडले. माझ्या मागोमाग आलेल्या आईला मी काय काय सांगितलं ते आठवत नाही, पण निळ्या फुलाचं आणि मार्चचं सांगितलं असणार. कारण ती वाकून मोडलेल्या काड्या पाहत म्हणाली, "मंग हे आता मेलं का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. आणि मला खरंच माहीत नव्हतं.

सकाळी मी सरांना सांगितलं. ते बांधीवर आले, उकिडवे बसले, एकेक मोडलेली काडी बोटानं पाहिली. मी नारळाची वाट पाहत होते. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "चव कशी होती?"

"सर!"

"अहो, पांढऱ्या वाणाची भाजी कडसर लागते, ही गेल्या वर्षीची तक्रार आहे. तुम्ही जगातल्या पहिल्या आहात ही चाखणाऱ्या. सांगा."

"चांगली होती," मी रडक्या आवाजात म्हटलं.

"मग आता थांबायचं. खालच्या डोळ्यांतून फुटवे आले तर आले. ओल टिकली पाहिजे, एवढंच."

आई त्याच दिवशी पहिल्या बसनं गेली. मी तिला थांब म्हटलं, पण ती थांबली नाही. दोन दिवसांनी बाबांचा फोन आला. "तुह्या मायनं नेम धरला," ते म्हणाले. "त्या झाडायच्या शेंगा भरेपर्यंत लाखोरीची भाजी तोंडाले लावनार नाई म्हंते. बरं, सोता खात नाई त खात नाई, रांधत बी नाई! ऐन मोसमात मी वांगे खाऊन राह्यलो. तुह्या झाडापायी माह्यावर काऊन?"

मी हसले खरी. आमच्याकडच्या बाईनं पौषात लाखोरीची भाजी सोडणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. तिच्यासाठी हिवाळ्यात दुसरी चवच नसते.

मग मी रोज बांधीवर जायला लागले. जायचे ते सकाळीच, तोंडसुद्धा न धुता. आठवडाभर त्या काड्या तशाच होत्या. मग एके दिवशी पानांच्या बगलेत हिरवे ठिपके दिसले. ठिपक्यांचे फुटवे झाले, एकाच्या जागी तीन-तीन, चार-चार. झाडं उंच होण्याऐवजी आडवी पसरली. शेजारच्या ओळी केव्हाच फुलल्या होत्या, पांढऱ्या त्या पांढऱ्या आणि निळ्या त्या निळ्या. आमची अर्धी ओळ मात्र हिरवीगार आणि ढिम्म. इकडे जमिनीला भेगा पडायला लागल्या. मी जमीन हातानं चाचपून पाहायचे आणि देवाचं नाव घ्यायचे. हे शास्त्रात बसत नाही, पण दुसरं करणार काय होते? सर येता जाता विचारायचे, "नवरीमुलगी तयार झाली का?" आणि मला त्यांचा गळा धरावासा वाटायचा.

आईचा रोज फोन. "फुलली?"

"नाही."

"बरं." फोन बंद.

फूल आलं ते सकाळच्या दवात. आधी एकच, पानाखाली लपलेलं, आणि ते निळं होतं. स्वच्छ निळं. मी इतक्या जोरात ओरडले की चौकीदार डुक्कर शिरलं म्हणून काठी घेऊन धावत आला. मी त्याला फूल दाखवलं. त्यानं आजूबाजूच्या शेकडो निळ्या फुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि डबा वाजवत परत गेला. पुढच्या काही दिवसांत सगळी ओळ फुलली. दोन झाडं पांढरी निघाली, फसवी. ती मी उपटून टाकली. बाकीची सगळी निळी.

आईला फोन केला. "आई, निळं आलं! लग्न लागलं!"

"शेंगा?"

"शेंगापण धरताहेत."

"भरल्या का?"

"अगं, वेळ लागतो भरायला."

"मंग भरल्यावर सांग," ती म्हणाली. चपट्या शेंगांवर माझी आई काही मानणारी नव्हती.

शेंगा भरल्या, पण उशिरा. पसरलेल्या झाडांना शेंडे न खुडलेल्या झाडांपेक्षा जास्त शेंगा लागल्या होत्या. पिकल्या तशा मी एकेक करून तोडल्या, आणि यावेळी बी गोळीच्या कागदात मावेना, चहाचा डबा लागला. सरांनी तो डबा हातात घेऊन हलवला, आवाज ऐकला आणि मुदतवाढ मागायला गेले. ती मिळाली. पण आईचा नेम सुटला तेव्हा गावची लाखोरी पिवळी पडून कापणीला आली होती. खुडायला कोवळा शेंडा कुठंच उरला नव्हता. त्या वर्षी तिनं ती भाजी खाल्लीच नाही. वाळवलेलीही नाही, कारण वाळवलीच नव्हती.

पुढच्या हंगामात त्या डब्यातल्या बियांची पूर्ण बांधी लावली. या पिढीत प्रत्येक झाड वेगळं निघतं आणि त्यातून चांगलं निवडायचं असतं. सगळे शेंडे टचटचीत वर आले तेव्हा सर म्हणाले, "आता हे सगळं खुडायचं."

"खुडायचं?" मी विचारलं.

"अहो, तुमच्या मुलखात न खुडलेली लाखोरी कोणाच्या वावरात उभी असते का? मग खुडल्यावर जे फुटत नाही, ते निवडून आपल्याला काय करायचंय? मात्र गावातल्यासारखंच खुडलं पाहिजे, कात्रीनं नाही. बोलवा तुमच्या आईंना."

आई आली. फाटक उघडलं तरी ती आत येईना. मग आली ती दोन्ही हात पदरात गुंडाळून, धुऱ्याच्या मधोमध, जपून पाय टाकत. ओळीशी पोचल्यावर तिनं सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खरंच तोडू?"

"तोड."

"लोकर नाई बांधली कोनाले?"

"नाही. सगळं तुझं आहे."

तिनं पदरातून हात काढला. पहिला शेंडा अगदी हळू मोडला, त्याच्यावरचं दव झटकलं. वर्षभर तिनं ती चव घेतली नव्हती. मला वाटलं आता तोंडात टाकेल. पण तिनं तो माझ्या तोंडापुढं धरला.

"आधी तू खाय," ती म्हणाली. "मागच्या वक्ती तुहा घास अर्धा राह्यला होता."